आधी 'कशाचे शंभर?' ते विचारा: पाय चार्ट आणि बार ग्राफ कसे वाचावेत

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की बँकेच्या आणि एमपीएससीच्या तयारीत डीआयचे, म्हणजे डेटा इंटरप्रिटेशनचे (आलेख-तक्ते वाचून उत्तरं द्यायचे) सेट सोडवताना आकडेमोड जमते, शेकडेवारी पाठ आहे, तरी पाय चार्ट आणि बार ग्राफवरच्या पाचातले दोन-तीन प्रश्न हमखास चुकतात. दुसरी, पेपरात आणि टीव्हीवर रोज जे आलेख दाखवतात त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवायचा. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय आणि माझ्या मते तुमचे प्रश्न दोन नसून एकच आहेत. परीक्षेतला सापळा आणि बातमीतला घोळ बहुतेक वेळा एकाच जागी असतो, तो म्हणजे आलेखाच्या पायाशी. वृत्तालेखात, म्हणजे पाय चार्टमध्ये, पूर्ण वर्तुळ म्हणजे किती आणि कशाचं, स्तंभालेखात, म्हणजे बार ग्राफमध्ये, बार कुठून सुरू होतो आणि एकक काय. मुलं मात्र थेट सर्वांत मोठ्या पाकळीकडे आणि सर्वांत उंच बारच्या टोकाकडे बघतात आणि भागाकार सुरू करतात. वर्गात पहिल्या तासाला मी पेन खाली ठेवायला लावतो. आलेख समोर ठेवायचा आणि फक्त सांगायचं: कशाचे शंभर?

खरं उदाहरण घेऊ. केंद्रीय अर्थसंकल्प मांडला की दुसऱ्या दिवशी पेपरात 'रुपया असा येतो, रुपया असा जातो' हे चित्र असतंच. २०२५-२६ च्या चित्रात जाणारा रुपया असा होता: राज्यांचा करांतला वाटा २२ पैसे, व्याज २०, केंद्राच्या स्वतःच्या योजना १६, संरक्षण ८, केंद्र पुरस्कृत योजना ८, वित्त आयोगाची अनुदानं आणि इतर हस्तांतरण ८, सबसिडी ६, पेन्शन ४ आणि इतर खर्च ८. बेरीज बरोबर १००. आता त्याच दिवसांतली दुसरी बातमी आठवा: संरक्षण मंत्रालयाला ६.८१ लाख कोटी रुपये, म्हणजे अर्थसंकल्पाच्या १३.४५ टक्के. एकीकडे ८ पैसे, दुसरीकडे साडेतेरा टक्के. वर्गात हे दोन आकडे शेजारी लिहिले की निम्मी मुलं म्हणतात, एक तरी खोटा असणार.

दोन्ही खरे आहेत. एकूण अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा, हे आपण सगळीकडे ऐकतो. ६.८१ भागिले ५०.६५ केलं की १३.४५ टक्के येतात. पण चित्रातला रुपया म्हणजे ते ५०.६५ लाख कोटी नाहीत. केंद्र जे कर गोळा करतं त्यातला राज्यांचा हिस्सा, त्या वर्षी सुमारे १४.२२ लाख कोटी, केंद्राच्या खर्चात धरलाच जात नाही, तो आधीच बाजूला काढलेला असतो. चित्रात मात्र तो २२ पैशांची पाकळी म्हणून दिसतो. म्हणजे चित्रातलं पूर्ण वर्तुळ सुमारे ६४.८७ लाख कोटींचं आहे. हा झाला छेदातला फरक. अंशातही फरक आहे. मंत्रालयाच्या ६.८१ लाख कोटींत माजी सैनिकांच्या पेन्शनचे सुमारे १.६१ लाख कोटी धरलेले आहेत. चित्रात ते पैसे 'पेन्शन' या पाकळीत गेले, मंत्रालयाचा काही नागरी खर्चही संरक्षणाच्या पाकळीबाहेर राहिला आणि तिच्यात उरले सुमारे ४.९२ लाख कोटी. ते भागिले ६४.८७ म्हणजे ७.६ टक्के, पूर्णांकात ८ पैसे.

व्याजाचंही असंच. चित्रात २० पैसे. रक्कम सुमारे १२.७६ लाख कोटी. पण केंद्र स्वतः जो ५०.६५ लाख कोटी खर्च करतं त्याच्याशी ताडून पाहिलं तर व्याज २५ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे रुपयातले चार आणे. कोणता आकडा वापरायचा हे तुम्ही काय सांगू पाहता यावर आहे. वाचणाऱ्याने एवढंच करायचं की एका आलेखातला टक्का उचलून दुसऱ्या बेरजेला लावायचा नाही.

आता याच चित्राची मागच्या वर्षाशी तुलना करू, कारण परीक्षेत 'दोन वर्षांचे दोन पाय चार्ट' हा प्रकार सगळ्यात जास्त बळी घेतो. २०२४-२५ च्या जुलैत आलेल्या अर्थसंकल्पात येणाऱ्या रुपयात कर्जाचा वाटा २७ पैसे होता आणि जीएसटीचा १८. २०२५-२६ मध्ये कर्ज २४ पैसे, जीएसटी पुन्हा १८. मुलांचा निष्कर्ष असा की जीएसटीचं उत्पन्न तेवढंच राहिलं आणि कर्ज बरंच कमी झालं. प्रत्यक्षात जीएसटीचा अंदाज १०.६२ लाख कोटींवरून ११.७८ लाख कोटींवर गेला, सुमारे ११ टक्के वाढ. पाकळी तेवढीच दिसते कारण सगळं वर्तुळच ६०.६८ वरून ६४.८७ लाख कोटींचं झालं. भाकरी मोठी झाली की चतकोरही मोठा होतो, पण कागदावर दोन्ही भाकऱ्या एकाच मापाच्या काढलेल्या असतात. कर्जाचं उलट. २७ चे २४ म्हणजे नववा भाग गळाला असं वाटतं. रक्कम १६.१३ वरून १५.६९ लाख कोटी झाली, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घट. शिवाय पैसे पूर्णांकात लिहिताना २६.६ चे २७ झाले आणि २४.२ चे २४, त्यामुळे फरक आहे त्याहून थोडा जास्तच दिसला.

म्हणून नियम धरा: दोन वृत्तालेखांतल्या पाकळ्यांची वजाबाकी करायची असेल तर आधी दोन्हींच्या एकूण बेरजा हातात हव्यात. त्या प्रश्नात दिलेल्या नसतील तर 'उत्पन्न वाढलं की घटलं' याचं उत्तर 'सांगता येत नाही' हेच असतं. बँकेच्या परीक्षेत तो पर्याय शेवटी उगाच दिलेला नसतो.

हाच घोळ परीक्षेच्या भाषेत पाहा. आकडे मी बनवलेत. एका महाविद्यालयातले एकूण ७,२०० विद्यार्थी पहिल्या वृत्तालेखात अंशांमध्ये दिलेत: कला १२६, वाणिज्य ९०, विज्ञान १०८, इतर ३६. दुसऱ्या वृत्तालेखात त्यांपैकी ३,६०० मुली टक्क्यांत दिल्यात: कला ३०, वाणिज्य २०, विज्ञान ३५, इतर १५. प्रश्न: वाणिज्य शाखेतले मुलगे विज्ञान शाखेतल्या मुलग्यांपेक्षा किती टक्क्यांनी जास्त आहेत?

घाईत असलेला विद्यार्थी अंशांचे टक्के करतो. वाणिज्य २५, विज्ञान ३०. मग सरळ वजाबाकी: वाणिज्यचे मुलगे २५ वजा २०, पाच टक्के. विज्ञानचे ३० वजा ३५, उणे पाच टक्के मुलगे! इथे तरी हात थांबायला हवा. पण मी उणे चिन्ह खोडून पुढे जाणारेही पाहिलेत. पहिले शंभर सगळ्या विद्यार्थ्यांचे होते, दुसरे शंभर फक्त मुलींचे. त्यांची वजाबाकी होतच नाही.

नीट करायचं तर ७,२०० भागिले ३६०, एक अंश म्हणजे २० विद्यार्थी. हा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवायचा, सेटमधले पाचही प्रश्न त्यावरच चालतात. वाणिज्य १,८००, विज्ञान २,१६०. मुलींचा एक टक्का म्हणजे ३६. वाणिज्यच्या मुली ७२०, विज्ञानच्या १,२६०. मुलगे अनुक्रमे १,०८० आणि ९००. फरक १८०. आता भागायचं कशाने? ज्याच्यानंतर 'पेक्षा' येतो त्याने. विज्ञानच्या मुलग्यांपेक्षा विचारलंय, म्हणून ९०० ने. उत्तर २० टक्के. १,०८० ने भागलं तर १६.६७ येतात आणि पर्यायांत १६.६७ नक्की असतील, प्रश्न काढणाऱ्यालाही तुमची सवय माहीत असते.

अंशांचे उगाच टक्के करत बसू नका. 'कला आणि विज्ञान यांचं गुणोत्तर किती' असं विचारलं तर १२६ आणि १०८, अठराने भाग, ७:६, संपलं. एकूण संख्या, टक्के, काहीच लागत नाही. पाठ असाव्यात अशा जोड्या थोड्याच आहेत: १८ अंश म्हणजे ५ टक्के, ३६ म्हणजे १०, ४५ म्हणजे साडेबारा, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, १२० म्हणजे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश. बाकीचे यांच्या बेरजेतून निघतात. १२६ म्हणजे ७२ अधिक ५४, म्हणून ३५ टक्के. दहावीच्या पुस्तकातलं केंद्रीय कोनाचं सूत्र बरोबरच आहे, पण परीक्षा हॉलमध्ये सूत्र लिहायला वेळ नसतो.

वृत्तालेखाबद्दल आणखी एक. डोळ्यांना कोन नीट मोजता येत नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये याचे प्रयोग करून प्रसिद्ध केले. एका समान रेषेवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो, त्यानंतर लांबी आणि कोन, आणि क्षेत्रफळात तो त्याहून जास्त चुकतो. म्हणूनच २३ आणि २६ टक्क्यांच्या पाकळ्यांत मोठी कोणती हे नुसतं बघून सांगता येत नाही, पण तेच दोन बार शेजारी उभे केले की लगेच दिसतं. पाकळीवर आकडा छापलेला नसेल तर अंदाज बांधू नका. आणि पाय चार्ट थ्रीडी, म्हणजे तिरका झुकवून जाडी दिलेला असेल तर पुढची पाकळी मोठी भासते. २००८ मध्ये मॅकवर्ल्ड या मेळाव्याच्या मंचावर ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी दाखवलेला अमेरिकेतल्या स्मार्टफोनच्या बाजाराचा पाय चार्ट यासाठी कुप्रसिद्ध आहे. आयफोनची १९.५ टक्क्यांची हिरवी पाकळी समोर होती आणि ती मागच्या 'इतर' या २१.२ टक्क्यांच्या पाकळीपेक्षा मोठी दिसत होती. आकडे खरे होते, छापलेलेही होते.

आणि जिथे एक माणूस दोन पाकळ्यांत बसू शकतो तिथे पाय चार्ट चालतच नाही. जनगणनेत घरात टीव्ही आहे का, सायकल आहे का, मोबाइल आहे का असे प्रश्न असतात. एकाच घरात तिन्ही असतात, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाते. त्यासाठी बार ग्राफच हवा. बेरीज ९९ किंवा १०१ आली तर ती पूर्णांकांची किमया, घाबरू नका. १३० आली तर चित्र काढणाऱ्यालाच प्रश्न कळलेला नाही.

आता स्तंभालेख. इथे पहिली नजर उभ्या अक्षाच्या तळाशी. तिथे शून्य आहे का? बारमध्ये डोळा लांबी मोजतो, म्हणून बार शून्यापासून सुरू झाला नाही तर लांब्यांचं गुणोत्तर खोटं ठरतं. महाराष्ट्रातलं शून्य ते सहा वयोगटातलं लिंग गुणोत्तर घ्या. हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. अक्ष ८८० पासून सुरू केला तर पहिल्या बारची उंची ३३ आणि दुसऱ्याची १४. बघणाऱ्याला वाटतं मुलींची संख्या दहा वर्षांत निम्म्याहून खाली आली. अक्ष शून्यापासून सुरू केला तर दोन्ही बार जवळजवळ सारखे दिसतात आणि बघणारा म्हणतो, काहीच बदललं नाही.

इथे नुसतं 'अक्ष शून्यापासून हवा' म्हणून भागत नाही. पहिलं चित्र फसवं आहे, पण दुसरंही बातमी लपवतं. जन्माच्या वेळी निसर्गतः हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असतात, त्यामुळे या आकड्याचा सगळा अर्थ साडेनऊशेपासून तो किती खाली गेला यात आहे. १९ ची घट म्हणजे राज्यभरात फार मोठी संख्या होते. बीड जिल्ह्यात हाच आकडा २०११ मध्ये ८०७ होता. असा आकडा बारमध्ये कोंबूच नये. ठिपके किंवा रेषा काढावी, अक्ष ७५० ते १००० ठेवावा, ९५० जवळ एक आडवी रेघ मारावी. ठिपक्यात डोळा लांबी मोजत नाही, जागा बघतो, त्यामुळे अक्ष तोडला तरी फसवणूक होत नाही. तुमच्या हातात मात्र तयार आलेख येणार, तेव्हा बारच्या तळाचा आकडा वाचा आणि टोकाच्या आकड्यांचं गुणोत्तर स्वतः काढा. उंचीवर जाऊ नका.

या उदाहरणात 'कशाचे शंभर' आणखी एकदा डोकं वर काढतं. ८९४ हे हजार बालकांपैकी नाहीत, हजार मुलग्यांमागे आहेत. म्हणजे एकूण बालकं १,८९४ आणि मुलींचा वाटा ४७.२ टक्के. '८९.४ टक्के मुली' असं लिहिणारी उत्तरपत्रिका दरवर्षी एक तरी येते.

स्तंभालेखातला दुसरा मोठा घोळ म्हणजे बार कशाचा आहे, संख्येचा की वाढीच्या दराचा. भारताच्या लोकसंख्येच्या दशवार्षिक वाढीचे दोन बार काढा: १९९१ ते २००१ साठी २१.५ टक्के, २००१ ते २०११ साठी १७.७ टक्के. दुसरा बार चांगलाच बुटका. यावरून 'लोकसंख्या कमी झाली' म्हणणारे फार नाहीत, पण 'दुसऱ्या दशकात कमी माणसं वाढली' असं बहुतेक जण म्हणतात. आता आकडे बघा. १९९१ मध्ये ८४.६४ कोटी, २००१ मध्ये १०२.८७ कोटी, २०११ मध्ये १२१.०९ कोटी. पहिल्या दशकात भर १८.२३ कोटींची, दुसऱ्यात १८.२२ कोटींची. जवळजवळ तेवढीच माणसं. पाया मोठा झाला म्हणून टक्का लहान झाला, बस्स. वाढीच्या दराचा बार जोवर शून्याच्या वर आहे तोवर मूळ संख्या वाढतच असते, तो कितीही बुटका असो. तो शून्याखाली गेला तरच घट. आपल्या राज्यात २००१ ते २०११ मध्ये असे तीन जिल्हे होते: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. सगळ्या जिल्ह्यांच्या वाढीचा बार ग्राफ काढलात तर हे तीन बार रेषेखाली लटकताना दिसतात, आणि परीक्षेत 'सर्वांत कमी वाढ कुठे' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा असंच रेषेखाली असतं. विद्यार्थी रेषेवरचा सर्वांत बुटका बार शोधत राहतो.

आठवीत विभाजित स्तंभालेख आणि शतमान स्तंभालेख शिकलेला असतो तुम्ही. तेव्हा ते सोपं वाटतं, कारण पुस्तकात दोन्ही वेगवेगळ्या पानांवर असतात. शतमान स्तंभालेखात सगळे बार एकाच उंचीचे, प्रत्येक शंभरचा. म्हणजे तो खरं तर उभा केलेला पाय चार्ट आहे आणि पाय चार्टचा सगळा धोका त्यात आहे. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २००१ मध्ये ५७.६ टक्के होता, २०११ मध्ये ५४.८. दोन बार शेजारी ठेवले की खालचा हिरवा भाग आकसलेला दिसतो, आणि 'खेडी ओस पडली' असा मथळा तयार होतो. पण ग्रामीण लोकसंख्या ५.५८ कोटींवरून ६.१६ कोटींवर गेली, म्हणजे सुमारे ५८ लाखांनी वाढली. शहरं जास्त वेगाने वाढली एवढंच. काही गावं ओस पडली असतील, ते खरंही असेल, पण तो निष्कर्ष या बारमधून निघत नाही.

विभाजित स्तंभालेखात, म्हणजे एकाच बारमध्ये थरांवर थर रचलेले असतात त्यात, आणखी एक अडचण असते. सर्वांत खालचा थर सोडला तर बाकीचे थर हवेत सुरू होतात, प्रत्येक बारमध्ये वेगळ्या उंचीवर. त्यांची तुलना नजरेने करू नका. वरच्या कडेचा आकडा वजा खालच्या कडेचा आकडा, असं प्रत्येक वेळी लिहून करा. १८० पर्यंत गेलेला निळा थर १३० पासून सुरू होत असेल तर तो ५० आहे, १८० नव्हे. सांगायला हास्यास्पद वाटतं, पण वेळ लावून सोडवताना सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

आता टीव्ही. २०२४ च्या विधानसभा निकालाचे बार आठवा. मतांच्या टक्केवारीत राष्ट्रवादीचा शरद पवार गट ११.२८ टक्के, अजित पवार गट ९.०१ टक्के. जागा मात्र पहिल्याला १०, दुसऱ्याला ४१. एका बार ग्राफमध्ये पहिला उंच, दुसऱ्यात दुसरा चौपट उंच. निकाल तसा का लागला हा राजकारणाचा विषय, तो बाजूला ठेवा. आलेख वाचणाऱ्याने विचारायचं की ११.२८ कशाचे? राज्यभरात पडलेल्या सगळ्या मतांचे. पण शरद पवार गट ८६ जागांवर लढला आणि अजित पवार गट ५९ वर. न लढलेल्या मतदारसंघातली मतंही छेदात आहेतच. जास्त जागा लढवणाऱ्याचा राज्यव्यापी टक्का साहजिकच फुगतो. दोघांची ताकद ताडायची तर लढवलेल्या जागांवरची टक्केवारी काढावी लागते आणि ती बहुतेक चॅनेल दाखवत नाहीत. युतीच्या राजकारणात मतांच्या टक्केवारीचा बार एकटा वाचणं म्हणजे अर्धीच बातमी वाचणं.

काही किरकोळ पण पैसे वसूल करणाऱ्या खुणा. शेवटच्या वर्षाचा बार अचानक पडलेला दिसला तर त्याच्या खाली 'डिसेंबरपर्यंत' असं बारीक अक्षरात लिहिलंय का बघा, नऊ महिन्यांची तुलना बाराशी चाललेली असते. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' वाचताना अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे असतात हे लक्षात ठेवा. कोणी अंदाजाचा उंच बार दाखवून 'एवढा खर्च केला' म्हणत असेल तर प्रत्यक्षाचा शोधा. उत्पन्नाचे बार चालू किमतींचे आहेत की स्थिर किमतींचे, हेही. चालू किमतींत महागाईसुद्धा वाढ म्हणून दिसते. आणि आडव्या अक्षावरची वर्षं समान अंतराची आहेत का? २००१, २०११, २०१५, २०१६ असे बार एकाच अंतरावर उभे केले की दहा वर्षांची चढण आणि एका वर्षाची चढण सारखीच वाटते.

टक्के आणि टक्क्यांमधला फरक यावर तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण तुमच्या चुकांपैकी एक तरी यातलीच असणार असं मला वाटतं. महाराष्ट्रात स्त्रियांची साक्षरता २००१ मध्ये ६७ टक्के होती, २०११ मध्ये ७५.९. बारमधला फरक ८.९, तो टक्केबिंदूंचा. वाढ किती टक्के विचारली तर ८.९ भागिले ६७, म्हणजे १३.३ टक्के. प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी असतो. शंका आली तर दोन्ही वाचा, कारण मराठी भाषांतरात कधीकधी 'टक्के' एवढंच उरतं.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. पाच प्रश्नांच्या सेटला मी अर्धा मिनिट बिनआकडेमोडीचा देतो: शीर्षक, एकक (हजारात, लाखात, कोटीत), एकूण बेरीज, अक्षाचा तळ, रंगांची सूची, तळटीप. तळटीप आवर्जून. रुपयाच्या त्या चित्रात राज्यांचा हिस्सा धरलाय हेही तळटीपेतच असतं. त्यानंतर एका अंशाची किंवा एका टक्क्याची किंमत कोपऱ्यात लिहायची आणि मग प्रश्न क्रमाने न घेता आधी गुणोत्तराचे, मग बेरीज-वजाबाकीचे, शेवटी शेकडेवारीचे. सरासरीचा प्रश्न असेल आणि पाचही बार जवळपास असतील तर एक सोयीचा आकडा धरून फक्त वर-खालचे फरक मोजा. २४०, २५५, २४५, २६०, २५० ची सरासरी काढताना २५० धरा. फरक उणे १०, ५, उणे ५, १०, शून्य. बेरीज शून्य, सरासरी २५०.

ठोकळ आकडे किती ठोकळ चालतील, हे पर्याय ठरवतात. पर्याय १२, १८, २५, ३१ असतील तर ४,९७३ ला ५,००० म्हणून निर्धास्त पुढे जा. पर्याय १७.८, १८.१, १८.४ असे खेटून असतील तर ठोकळ करू नका, आणि सेटमधला तो प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा. तोपर्यंत बाकीच्या चारांत काढलेल्या संख्यांपैकी एखादी त्याला लागतेच.